बँकॉक ते सिंगापूर: विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढावी?

बँकॉक-सिंगापूर अशी जोडसहल ठरवताना तिकिटावरच्या वेळा बघून बरेच जण चक्रावतात. जाताना विमान दुपारी १२ ला सुटून ३.२५ ला पोहोचतं आणि येताना संध्याकाळी ५ ला सुटून ६.२५ लाच बँकॉकला टेकतं! अशा वेळी हिशेब स्वतः करून बघावा. कागद-पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी विमानतळ नक्की करा. बँकॉकला दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं डॉन मुआंगहून उडतात. सिंगापूरचं अंतर त्याने पंचवीस-तीस किलोमीटरच बदलतं. पण मुंबईहून सुवर्णभूमीला उतरून पुढचं विमान डॉन मुआंगचं असेल, तर इमिग्रेशनची रांग, बॅगा आणि बँकॉकचं ट्रॅफिक यांसाठी पाचेक तास हातात ठेवा. मी तर शक्यतो असं तिकीट काढूच नका म्हणेन.

आता अंतर. गूगल मॅप्सवर अंतर मोजायची सोय आहेच, पण हातानेही जमतं. सुवर्णभूमीचा अक्षांश १३.६९ उत्तर, सिंगापूरच्या चांगी विमानतळाचा १.३६. फरक १२.३३ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की झाले साधारण १,३६९. रेखांश १००.७५ आणि १०३.९९ पूर्व, फरक ३.२४ अंश. इथे अंशाला ११० धरा, म्हणजे ३५६. मग शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर सुमारे १,४१५ किलोमीटर. विषुववृत्त जवळ असल्यामुळे हा सोपा हिशेब इथे चालून जातो. युरोपात रेखांशाचा अंश बराच आखूड होतो, तिथे ११० धरलेत तर फसाल.

वेळेसाठी ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेग धरा. पावणेदोन तासांच्या आसपास उत्तर येईल. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यांचा अर्धा तास मिळवा. वेळापत्रकात मात्र साधारण २ तास २० ते ३० मिनिटं दिसतील, कारण विमानमार्ग अगदी सरळ नसतो, दोन्ही विमानतळ गजबजलेले आणि कंपन्या थोडी वेळ राखून ठेवतात. वाऱ्याची फार चिंता नको. मुंबई-लंडनला जाता-येता वेळेत जसा ठळक फरक पडतो, तसा या पट्ट्यात सहसा पडत नाही.

राहिलं घड्याळ. सिंगापूर बँकॉकच्या एक तास पुढे आहे. नकाशावर दोघांच्या रेखांशात जेमतेम तीन अंशांचं अंतर, पण १ जानेवारी १९८२ला मलेशियासोबत सिंगापूरनेही घड्याळ अर्धा तास पुढे नेलं आणि थायलंडशी पूर्ण तासाचा फरक पडला.

सगळ्यात सोपं म्हणजे दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा. बँकॉक आपल्या दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास. जातानाचे १२ म्हणजे आपले १०.३०, आणि ३.२५ म्हणजे १२.५५. प्रवास २ तास २५ मिनिटं. परतीचे ५ म्हणजे आपले २.३०, ६.२५ म्हणजे ४.५५. पुन्हा तेवढेच.