शनेलच्या सुगंधांचा इतिहास हुंगून कसा अभ्यासावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला राहून एखाद्या फ्रेंच फॅशन घराण्याच्या सुगंधांचा इतिहास अभ्यासायचा असेल, तर सनावळ्या पाठ करून भागत नाही. ते सुगंध ठरावीक क्रमाने हुंगावे लागतात, आणि हातातल्या बाटलीवर नाव जुने असले तरी आतले मिश्रण कोणत्या काळात बांधलेले आहे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. या अभ्यासाला शनेल हे घराणे सर्वांत सोयीचे आहे, कारण १९२१ पासून आजपर्यंतची त्याची वाटचाल एर्नेस्त बो, आंरी रोबेर, झाक पोल्ज आणि ऑलिव्हिए पोल्ज या चार सुगंधकारांच्या कामातून सलग पाहता येते.

पूर्ण बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. मुंबईला जाणे होईल तेव्हा तिथल्या अधिकृत दालनात कागदी पट्टीवर फवारून मागावे, किंवा मिलिलीटर-दोन मिलिलीटरच्या नमुन्याच्या कुप्या मिळवाव्यात. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून जे स्वस्तात मिळते त्याला हातही लावू नये. त्यातून चुकीचा वास मनात पक्का बसतो आणि तो पुसणे फार कठीण जाते.

आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा लागतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे लिंबूवर्गीय आणि इतर हलके घटक पट्टीवरून बघता बघता उडून जातात व सुगंधाची सुरुवात हाती लागतच नाही. म्हणून हा अभ्यास दिवाळीनंतरच्या थंडीत करावा, आणि उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर सकाळी ऊन चढण्यापूर्वी करावा. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर मात्र बसू नये, कारण वाळा हा शनेलच्या १९२१ च्या ‘नंबर ५’ या सुगंधाच्या तळाशी, म्हणजे शेवटपर्यंत टिकणाऱ्या थरात असलेल्या घटकांपैकी एक आहे आणि खोलीतला वाळा कोणता व पट्टीवरचा कोणता, हे मग सांगता येत नाही.

सुरुवात अर्थातच नंबर ५ पासून करावी. घराण्याच्या संस्थापक गॅब्रिएल शनेल यांच्यासमोर बो यांनी १ ते ५ आणि २० ते २४ असे क्रमांक दिलेले नमुने ठेवले होते; त्यांपैकी पाचवा निवडला गेला. पट्टी नाकाजवळ नेताच मेणासारखी, साबणासारखी, किंचित थंडगार अशी जी चमक जाणवते ती अल्डिहाइड या संयुगांची आहे. त्यामागे यलांग-यलांगच्या फुलाचा गोडवा येतो. त्यात पिकल्या केळ्याची छटा असते, आणि रावेर-यावलकडच्या वाचकाला ती ओळखायला कोणी शिकवावी लागणार नाही. त्यानंतर गुलाब आणि चमेली उमलतात. सुगंधी फुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्समधल्या ग्रास गावाच्या परिसरात लावली जाणारी जात आपल्या चमेलीचीच आहे, त्यामुळे शक्य असल्यास चमेलीची ताजी फुले आणि अत्तरवाल्याकडचा चमेलीचा फाया शेजारी ठेवून तुलना करावी. अत्तरात फूल एकटे आणि स्पष्ट उभे असते. नंबर ५ मध्ये ते इतरांत इतके मिसळलेले असते की नेमके बोट ठेवता येत नाही. माझ्या मते बो यांचे खरे कौशल्य इथेच दिसते.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. दुकानात सर्वांत सहज मिळणारे नंबर ५ चे ‘ओ द परफ्यूम’ हे रूप १९८६ साली झाक पोल्ज यांनी बांधले, तर ‘लो’ हे हलके रूप ऑलिव्हिए पोल्ज यांनी २०१६ साली आणले. १९२१ च्या रचनेला सर्वांत जवळचे रूप म्हणजे छोट्या बाटलीतला घट्ट अर्क, आणि त्यातही पूर्वीची नायट्रो-कस्तुरी (कस्तुरीसारखा वास देणारी कृत्रिम संयुगे) व प्राणिज घटक आता बदललेले आहेत. म्हणून वहीत नुसते ‘नंबर ५’ असे कधीच लिहू नये. रूप आणि साल दोन्ही नोंदवावे.

प्रचलित समजही याच टप्प्यावर तपासून घ्यावेत. सुगंध विकणाऱ्या पहिल्या फॅशन निर्मात्या शनेल नव्हत्या. पॉल प्वारे यांनी १९११ मध्येच ते सुरू केले होते. अल्डिहाइडही उबिगाँ या फ्रेंच सुगंध घराण्याच्या १९१२ च्या ‘केल्क फ्लर’मध्ये आधीच येऊन गेले होते, बो यांनी त्याची मात्रा धीटपणे वाढवली. १९२४ मध्ये सुगंधांसाठी जी वेगळी कंपनी स्थापन झाली, तिच्यात स्वतः शनेल यांचा वाटा अवघा १० टक्के होता आणि मोठा हिस्सा वर्थायमर कुटुंबाकडे होता. पुढची अनेक वर्षे चाललेला वाद त्यातूनच उभा राहिला.

यानंतर १९२६ चे ‘बुआ देझिल’ घ्यावे. त्यातले चंदन आपल्याला परिचित आहे, म्हणून फार वेळ लागणार नाही. रोबेर यांच्या काळातले १९५५ चे ‘पूर मस्यू’ थोडक्यात हुंगून, पूर्ण सकाळ १९७० च्या नंबर १९ ला द्यावी. हा क्रमांक शनेल यांच्या १९ ऑगस्ट या जन्मतारखेवरून आला, आणि पुढच्याच जानेवारीत त्यांचे निधन झाले. यातला कडवट हिरवा वास गॅल्बनम या डिंकाचा आहे, जो हिंगाच्याच कुळातल्या झाडापासून मिळतो. घरातल्या हिंगाचा खडा आधी हुंगून मग पट्टी घेतल्यास दोघांतले नाते आणि अंतर दोन्ही कळतात. त्याखालची कोरडी, पावडरीसारखी छटा आयरिसच्या कंदाची असते. ती उमटण्यासाठी काढलेले कंद काही वर्षे सुकवत ठेवावे लागतात.

झाक पोल्ज यांच्या कामातून १९८४ चे मसालेदार ‘कोको’ आणि २००१ चे ‘कोको मादम्वाझेल’ एवढे दोन पुरेत. ते एकाच दिवशी दोन मनगटांवर लावावेत आणि दुपारपर्यंत तासातासाने नोंद करावी, म्हणजे दुसऱ्यात पचौली (मातकट वासाच्या पानांचे तेल) हलकी व स्वच्छ करून कशी वापरली आहे, ते लक्षात येते. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त पट्ट्या घेऊ नयेत. उरलेल्या कुप्या पत्र्याच्या छताखालच्या खोलीत न ठेवता आतल्या खोलीतल्या कपाटात, खोक्यात बंद करून ठेवाव्यात. भर उन्हाळ्यात त्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या तरी चालते.