हरितगृहातल्या आमरी पाहताना आधी मुळं, मग फूल

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवाही कोरडी. दमट जंगलातल्या ऑर्किड, म्हणजेच आमरी, इथे शेडनेट आणि पॅड-फॅनच्या (ओल्या पॅडमधून हवा आत ओढून गारवा देणाऱ्या पंख्यांच्या) आधारानंच जगतात. त्या पाहायच्या तर सकाळी, पहिलं पाणी पडण्याआधी पोहोचा. पाण्याची वेळ माळीकाकांना आदल्या दिवशीच विचारून घ्या.

आत गेल्यावर लगेच फुलांकडे वळू नका. आधी व्हँडा या आमरीची लोंबती मुळं पाहा. त्यांच्यावर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं. पाणी पडलं की ते पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागल्यानं मूळ हिरवं होतं. एकच मूळ निवडा आणि पाणी घालेपर्यंत तिथेच थांबा. हवेत लोंबणारं झाड पाणी कसं पितं, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मग वाढीची दिशा बघा. डेंड्रोबियम आणि कॅटलिया बाजूला नवे कोंब काढत सरकतात आणि फुगीर खोडांत पाणी साठवतात. व्हँडा, फॅलेनोप्सिस आणि आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी एकाच शेंड्यानं वाढतात.

आता फूल. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे. तीन पाकळ्यांपैकी वेगळ्या घडणीची पाकळी म्हणजे ओठ. मधल्या स्तंभात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव झालेले असतात आणि टोकाच्या टोपीखाली परागपिंड, म्हणजे परागकणांचे गोळे असतात. ती टोपी उचकटू नका, अनेक जातींत फूल लवकर कोमेजतं. एकाच तुऱ्यावर कळीपासून उमललेल्या फुलापर्यंत नजर फिरवा. बहुतेक आमरींत कळी वाढताना साधारण 180 अंशांत वळते, म्हणून ओठ खाली येतो. फुलामागच्या देठासारख्या भागावर तो पीळ दिसतो. तो भाग म्हणजे बीजाशय!

लेबल जसंच्या तसं उतरवा. रोमन लिपीतल्या नावाचा दुसरा शब्द लहान अक्षरानं सुरू होत असेल तर ती सहसा नैसर्गिक प्रजाती, मोठ्या अक्षरानं होत असेल तर बहुधा संकर. बाजारातल्या बहुतेक आमरी संकरित असतात, म्हणून मूळ प्रजातींना जास्त वेळ द्या.

झाड कुठे टांगलंय तेही लिहा. ओल्या पॅडजवळ हवा गार आणि दमट असते, पंख्याकडे जाताना ती तापत जाते. शक्य असल्यास दोन्ही टोकांचं तापमान मोजा. पुढच्या भेटीत त्याच झाडाचे नवे कोंब आणि मुळांची हिरवी टोकं ताडून बघता येतील.