डब्ल्यूडीजी-४: मालगाडीच्या डिझेल लोकोबद्दल होणाऱ्या या चुका टाळा

रेल्वेवेड्यांच्या गप्पांत डिझेल लोकोचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती हॉर्सपॉवर?" आकडा कळला की लोक समाधानाने मान डोलावतात आणि पुढच्या लोकोकडे वळतात. डब्ल्यूडीजी-४ च्या बाबतीत सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. हा लोको ज्या कामासाठी घेतला, त्या कामात हॉर्सपॉवरचा आकडा बराच वेळ बाजूलाच बसलेला असतो.

थोडक्यात ओळख: जनरल मोटर्सच्या तेव्हाच्या ईएमडी या लोको बनवणाऱ्या विभागाचं हे जीटी४६एमएसी नावाचं डिझाइन. भारतात पहिले लोको १९९९ च्या सुमारास आले आणि हुबळी शेडला गेले. पुढे तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या करारानुसार वाराणसीच्या कारखान्यात ते बनू लागले. वजन १२६ टन, दोन बोगी, प्रत्येक बोगीला तीन धुरा, प्रत्येक धुरेला स्वतंत्र मोटर.

चूक: हॉर्सपॉवरवरून ओढ ठरवणं

आधी हे पक्कं करून घ्या की डिझेल इंजिन चाकं फिरवत नाही. ते अल्टरनेटर फिरवतं, वीज तयार होते, ती रेक्टिफायरमधून डीसी होते, मग इन्व्हर्टर तिची पुन्हा थ्री-फेज एसी करतात आणि ती मोटरींना मिळते. म्हणजे हे चाकांवरचं वीजघरच आहे. चाकाला मिळणारी शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. वेग शून्याजवळ असेल तर अख्ख्या ४००० हॉर्सपॉवरची गरजच पडत नाही.

हिशोब करून बघा. डब्ल्यूडीजी-४ ची सुरुवातीची कमाल ओढ ५४० किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५५ टन. पंखे, कॉम्प्रेसर वगैरेंचा वाटा आणि वाटेतला ऱ्हास वजा करून चाकांपर्यंत जी शक्ती पोहोचते, तिच्या जोरावर ही ओढ ताशी १७-१८ किलोमीटरपर्यंत टिकते. त्याच्या वर हॉर्सपॉवरची मर्यादा लागते. त्याच्या खाली एकच प्रश्न असतो: चाक रुळाला धरून राहतं की घसरतं?

१२६ टनांच्या लोकोतून ५५ टनांची ओढ काढायची म्हणजे वजनाच्या जवळपास ४४ टक्के. त्याच्या आधीचा मालगाडीचा लोको, डब्ल्यूडीजी-३ए, हा अल्को या जुन्या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातला: ३१०० हॉर्सपॉवर, १२३ टन आणि ओढ ३८ टनांच्या आसपास, म्हणजे वजनाच्या ३१ टक्के. हॉर्सपॉवर २९ टक्क्यांनी वाढली, वजन फक्त तीन टनांनी, पण ओढ वाढली ४५ टक्क्यांनी. वरची ही कमाई डिझेल इंजिनाची नाही. ती एसी मोटरींची आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या संगणकाची आहे.

अल्कोच्या डीसी सिरीज मोटरचं चाक घसरलं की ते उधळतं, वेग वाढतच जातो. थ्री-फेज इंडक्शन मोटरचा वेग इन्व्हर्टरच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. चाक सुटून पळू लागलं की तिचा टॉर्क आपोआप उतरतो. शिवाय लोकोच्या पोटाखाली रडार आहे. ते जमिनीच्या हिशोबाने खरा वेग मोजतं आणि संगणक चाकांना त्या वेगापेक्षा किंचित जास्त फिरू देतो. या बारीक सरकण्याला क्रीप म्हणतात. कमाल पकड या किंचित सरकण्यातच मिळते.

इथेच जुन्या सवयीची चूक होते. अल्कोवर हात बसलेल्या माणसाला चाक जरा सरकल्याची जाणीव झाली की तो नॉच (शक्ती कमी-जास्त करणाऱ्या हँडलची पायरी) खाली आणतो, आणि अल्कोवर ते बरोबरच होतं. अल्कोत मोटरींचा करंट दाखवणाऱ्या लोड मीटरवरही डोळा ठेवावा लागे, कारण कमी वेगात जास्त करंट फार वेळ चालू राहिला की डीसी मोटरी तापून जळायच्या. एसी लोकोला ती भीती फारशी नाही. चढावर गाडी रांगत असताना घाईने नॉच उतरवला, तर संगणक सांभाळत असलेली पकड आपणच सोडून देतो आणि गाडी अडकते.

चूक: चाकांचा व्यास ही फक्त शेडची कटकट समजणं

डब्ल्यूडीजी-४ मध्ये एका बोगीच्या तिन्ही मोटरींना मिळून एकच इन्व्हर्टर आहे. म्हणजे तिघींना एकच फ्रिक्वेन्सी. आता एका धुरेवरची चाकं जास्त झिजली असतील, तर तेवढ्याच अंतरासाठी ती जास्त फेरे घेतात, तिच्या मोटरीचा स्लिप (फ्रिक्वेन्सीने ठरलेल्या वेगापेक्षा मोटर जेवढी मागे राहते तो फरक) कमी होतो आणि तिच्या वाट्याला कमी भार येतो. उरलेला भार मोठ्या चाकांवर पडतो आणि तीच आधी घसरतात. त्यामुळे "हा लोको ओढायला कमी पडतोय" अशी तक्रार आली, तर इंजिन उघडण्याआधी त्या बोगीतल्या तिन्ही धुरांच्या चाकांचा व्यास तपासा. एका बोगीतली चाकं एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं. दुसऱ्या बोगीशी थोडा फरक चालून जातो, कारण तिचा इन्व्हर्टर वेगळा आहे. पकड वाढवायला रुळावर वाळू सोडणाऱ्या नळीचं तोंडही बघून घ्या. ते तुंबलं असेल किंवा रुळाऐवजी खडीवर रोखलेलं असेल, तर सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचा उपयोग निम्मा.

चूक: "एवढा ताकदवान आहे, तर घाटात पाच कशाला?"

हा प्रश्न दूधसागरचे व्हिडिओ बघणारे हमखास विचारतात. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट, चढ १:३७. मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन कर्नाटकात जाणारी मालगाडी इथे भरलेली वर चढते. पुढे दोन आणि मागे तीन डब्ल्यूडीजी-४, अशी जोडणी इथली ओळखच झाली.

कागद-पेन्सिल घ्या. भरलेली गाडी ४७०० टनांची धरली तर केवळ चढामुळे मागे खेचणारं बल ४७०० भागिले ३७, म्हणजे १२७ टन. पाच लोकोंचं स्वतःचं वजन ६३० टन, त्याचे १७ टन. घर्षण आणि वळणांचे आणखी पंधराएक टन. एकूण १६० टनांच्या आसपास. प्रत्येकी ५५ टन धरले तर तीन लोको कागदावर पुरतात. पण ते कोरड्या, स्वच्छ रुळावर. आषाढात दूधसागरचे तुषार रुळांवर पडत असतात, वर ओला पालापाचोळा असतो आणि पकड ४४ वरून ३० टक्क्यांवर येते. मग एका लोकोचे उरतात ३८ टन. चार लोकोंचे १५२, म्हणजे गाडी थांबली तर तिथेच. पाचांचे १९०, म्हणजे थोडी शिल्लक हाताशी.

पाचही पुढेच का नाही लावत? कारण मग पहिल्या वॅगनच्या कपलरवर जवळपास १४० टनांचा ताण येईल आणि एखादा झटका बसला की तो तुटेल. मागून ढकललं की तो ताण वाटला जातो, आणि कपलर तुटलाच तर मागचा भाग सुटून घाट उतरू लागत नाही. मागून ढकलणाऱ्या या बँकर लोकोंवर वेगळे लोको पायलट असतात. पुढच्या केबिनमधल्या हँडलने मागचे लोकोही चालतात, असं जे सर्रास लिहिलं जातं ते चूक. केबलने जोडून एकाच हँडलवर चालणं हे शेजारी-शेजारी जोडलेल्या लोकोंचं. मधे साठ-एक वॅगन असताना इथे शिट्टी आणि वॉकीटॉकीवरच जुळवून घ्यावं लागतं. मागच्यांनी आधी जोर लावला आणि पुढच्यांनी उशिरा, तर मधल्या वॅगनचे हाल.

उताराला वेगळी चूक होते. डायनॅमिक ब्रेकमध्ये मोटरी जनित्र बनून वीज तयार करतात, म्हणून ती वीज "परत मिळते" असं काहींना वाटतं. तारेखालच्या विजेच्या लोकोत ती परत देता येते. डिझेलकडे ती ठेवायला जागाच नाही. ती छतालगतच्या ग्रिडमध्ये, म्हणजे रोधकांच्या जाळ्यात, तापून जाते, आणि ग्रिड थंड ठेवणारा पंखा जोरात घोंघावतो. उतारावर येणारा तो आवाज इंजिनाचा नसतो.

चूक: टू-स्ट्रोक म्हणजे धूर ओकणारं

टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर लूना येते, पेट्रोलमध्ये तेल मिसळलेली. डब्ल्यूडीजी-४ चं १६ सिलिंडरचं ७१० जातीचं इंजिन टू-स्ट्रोकच आहे, पण त्याच्याशी काही नातं नसलेलं. ताजी हवा सिलिंडरच्या लायनरमधल्या खिडक्यांतून खालून शिरते, जळलेला वायू डोक्यावरच्या व्हॉल्व्हमधून निघतो, वंगणाचं तेल वेगळंच फिरतं. अल्को मात्र फोर-स्ट्रोक. नॉच वाढवला की त्याचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) वेग घेईपर्यंत हवा कमी पडते आणि तो फोटोंत प्रसिद्ध असलेला काळा लोट निघतो. ईएमडीचा टर्बो कमी वेगात गिअरने इंजिनालाच जोडलेला असतो, एक्झॉस्टचा जोर पुरेसा झाला की क्लच सुटतो. म्हणून तो एवढा काळा होत नाही.

याचा अर्थ असा की डब्ल्यूडीजी-४ सतत काळा धूर सोडत असेल तर ती शान नव्हे, तक्रार आहे: एअर फिल्टर तुंबलेला, इंजेक्टर बिघडलेला किंवा टर्बो आजारी. निळसर धूर म्हणजे वंगण जळतंय. थंड इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर चालतो, नंतरही राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय का ते पाहा.

चूक: इंजिन बंद, लगेच बॅटरीही बंद

ही चूक महागात जाते. इंजिन थांबलं तरी टर्बो धगधगतच असतो. म्हणून एक छोटा विजेचा पंप सुमारे अर्धा तास टर्बोच्या बेअरिंगला तेल पाजत राहतो. "झालं काम" म्हणून कोणी बॅटरीचा नाइफ स्विच खाली ओढला की तो पंप बंद. बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी करपतं, आणि बिघाड दिसतो तो काही फेऱ्यांनंतर, दुसऱ्याच कोणाच्या ड्युटीवर.

या भीतीने, आणि बॅटरी उतरली तर सकाळी सुरू होणार नाही या दुसऱ्या भीतीने, कित्येक जण यार्डात लोको रात्रभर आयडलवर ठेवतात. मुख्य इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तरी तासाला २५ लिटरच्या आसपास डिझेल जातं. यासाठीच नंतरच्या लोकोंना एपीयू नावाचं छोटं इंजिन दिलं, जे बॅटरी आणि हवेचा दाब सांभाळून ३ लिटरच्या आसपास भागवतं. एपीयू आहे पण ते बंद पडलंय आणि कोणी नोंदच केली नाही, असंही पुष्कळ वेळा घडतं. नोंद करा.

चूक: सगळे "फोर" एकच

डब्ल्यूडीजी-४ आणि पहिला डब्ल्यूडीपी-४ दिसायला भाऊ, पण त्या डब्ल्यूडीपी-४ च्या सहापैकी चारच धुरांना मोटरी होत्या. प्रवासी गाडी पळवायला ते पुरायचं, चढावर नाही. सहा मोटरी आल्या त्या डब्ल्यूडीपी-४बी मध्ये. डब्ल्यूडीजी-४डी म्हणजे दोन्ही टोकांना केबिन असलेला ४५०० हॉर्सपॉवरचा लोको. एका केबिनचा लोको लांब हुड (इंजिनावरचं लांबट आवरण) पुढे करून चालवताना दूरचा सिग्नल दिसायला त्रास होतो, त्यावरचा हा उपाय. आणि डब्ल्यूडीजी-४जी तर ईएमडीचा नाहीच. तो जीईच्या (जनरल इलेक्ट्रिकच्या) डिझाइनचा, बिहारमधल्या मढौऱ्याला बनणारा, १२ सिलिंडरचा आणि फोर-स्ट्रोक. फोटोखाली नाव लिहिण्याआधी लोकोच्या बाजूवरचा नंबर वाचा: १२ ने सुरू होणारा पाच आकडी नंबर बहुधा डब्ल्यूडीजी-४, ७० ने सुरू होणारा ४डी, आणि ४९ ने सुरू होणारा ४जी.