सी प्रोग्राममधून कॉम्प्युटरचे सगळे आयपी पत्ते कसे काढावेत

इंटरनेट नसलं तरी गावातलं नेटवर्क चालतं. एक जुना लिनक्स कॉम्प्युटर, एक राऊटर आणि इन्व्हर्टर असला की तलाठी भरती, पोलीस भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका अभ्यासिकेतल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर उघडतात. आमच्या राळेगाव तालुक्यातल्या अभ्यासिकेत असंच चालतं. फक्त लाईन जाऊन परत आली की राऊटर कॉम्प्युटरला नवा पत्ता देऊ शकतो. मग कालचाच पत्ता टाकून बसलेलं पोट्टं विचारतं, "सर, पेज नाही उघडून राहिलं जी!" यावर चांगला उपाय म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतःच आपले पत्ते पडद्यावर दाखवावेत. त्यासाठी सी भाषेतला ५०-६० ओळींचा प्रोग्राम पुरतो.

इथे फंक्शनची नावं आणि अंक देवनागरीत आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरा. नाव अवघड असेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

आधी डोळ्यांनी पाहा

टर्मिनल उघडा, 'आय पी' लिहा, एक जागा सोडा, 'ए डी डी आर' लिहा आणि एंटर दाबा. जे दिसेल ते वहीत उतरवून घ्या. आपल्या प्रोग्रामचं उत्तर शेवटी याच्याशीच ताडून पाहायचं आहे.

यादीत बहुधा पहिलं नाव 'एलओ' असेल आणि त्याचा पत्ता १२७.०.०.१. हा लूपबॅक, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःशीच बोलतो तो मार्ग. मोबाईलला त्याचा काही उपयोग नाही. त्यानंतर केबलचा इंटरफेस (नेटवर्कला जोडणारं दार), वायफायचा इंटरफेस, आणि मोबाईल यूएसबीनं जोडून नेट घेतलं असेल तर त्याचा वेगळा. एकाच इंटरफेसला आयपीव्ही४ (जुनी पद्धत) आणि आयपीव्ही६ (नवी पद्धत) असे दोन्ही पत्ते असू शकतात, कधी त्याहूनही जास्त. 'माझ्या कॉम्प्युटरचा आयपी काय?' हा प्रश्नच म्हणून अपुरा आहे. पत्ता कॉम्प्युटरला नसतो, इंटरफेसला असतो. म्हणून प्रोग्रामनं एकच पत्ता निवडून देऊ नये, नावासकट यादी द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

कॉम्प्युटरच्या नावावरून पत्ता काढण्याची जुनी युक्ती बऱ्याच ठिकाणी शिकवतात. डेबियन आणि उबुंटूवर त्यातून अनेकदा १२७.०.१.१ हाती येतो, कारण होस्ट्स फाईलमध्ये, म्हणजे नावं आणि पत्ते यांच्या यादीत, तसं लिहिलेलं असतं. दुसरी युक्ती म्हणजे यूडीपी सॉकेट (प्रोग्रामचं नेटवर्कवर बोलण्याचं टोक) बाहेरच्या एखाद्या पत्त्याला कनेक्ट करून आपल्या बाजूचा पत्ता विचारणं. ती सुबक आहे, त्यात एकही पॅकेट बाहेर जात नाही. पण नुसत्या स्विचवर जोडलेल्या, बाहेरचा मार्गच नसलेल्या नेटवर्कवर ती अडते, आणि गावात तशीच नेटवर्कं जास्त.

मुख्य फंक्शन

आपल्याला हवं ते फंक्शन आहे गेटइफअ‍ॅडर्स: जी ई टी आय एफ ए डी डी आर एस, सलग, सगळी लहान अक्षरं. ते बीएसडीकडून आलं आणि आज लिनक्स, मॅक आणि बीएसडी या सगळ्यांवर आहे. त्याची हेडर फाईल 'आय एफ ए डी डी आर एस डॉट एच'. तिच्यासोबत एसटीडीआयओ, सिस स्लॅश सॉकेट, नेटिनेट स्लॅश इन, नेटडीबी आणि नेट स्लॅश आयएफ या हेडर फाईलीही जोडा.

स्ट्रक्ट आयएफएडीडीआरएस या प्रकारचे दोन पॉइंटर घ्या. एकाला 'हेड' म्हणा, दुसऱ्याला 'पी'. फंक्शनला हेडचा पत्ता द्या. उत्तर ० आलं तर काम झालं. उणे १ आलं तर पीएररनं चूक छापा आणि थांबा.

आता हेडपासून एक साखळी सुरू होते. तिच्या प्रत्येक घटकात इंटरफेसचं नाव, फ्लॅग (त्याची स्थिती सांगणाऱ्या खुणा), पत्ता, नेटमास्क आणि पुढच्या घटकाचा पॉइंटर असतो. कापूस वेचणारी बाई पात धरली की शेवटच्या झाडापर्यंत जाते, तसं 'पी'नं चालायचं. फॉर लूपमध्ये पी हेडवर ठेवा, पी नल होईपर्यंत फिरा, आणि दर फेरीला पी म्हणजे 'आय एफ ए अंडरस्कोर नेक्स्ट'. हेडला मात्र जागचं हलवू नका. शेवटी मेमरी परत करायला तोच लागतो.

लूपच्या आत

लूपमधली पहिलीच ओळ सगळ्यात महत्त्वाची: 'आय एफ ए अंडरस्कोर ए डी डी आर' नल असेल तर कंटिन्यू करा. प्रत्येक इंटरफेसला पत्ता असतोच असं नाही. डोंगलचा पीपीपी किंवा व्हीपीएनचा टन इंटरफेस जोडलेला असला की हा पॉइंटर नल येतो. तपासणी नसेल तर प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन तिथेच मरतो. घरच्या लॅपटॉपवर महिनोन् महिने चाललेला प्रोग्राम डोंगल लावताच बंद पडला, तर आधी इथे बघा.

मग त्या पत्त्यातलं 'एस ए अंडरस्कोर फॅमिली' पाहा. एएफ अंडरस्कोर इनेट असेल तर आयपीव्ही४, इनेट६ असेल तर आयपीव्ही६. लिनक्सवर एएफ अंडरस्कोर पॅकेट हाही प्रकार येतो, त्यात कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअरचा क्रमांक, असतो. एकच इंटरफेस यादीत दोनदा-तीनदा दिसतो तो यामुळेच, त्यात बिघाड नाही. आपल्याला पहिले दोन प्रकार हवेत, बाकी सोडून द्या.

पत्ता वाचण्यासारखा करायला गेटनेमइन्फो वापरा. त्याला सात गोष्टी द्यायच्या: पत्ता, त्याची लांबी, उत्तरासाठी अक्षरांचा बफर, बफरची लांबी, मग नल, मग ०, आणि शेवटी एन आय अंडरस्कोर न्यूमेरिकहोस्ट. लांबी द्यायची ती आयपीव्ही४ साठी सॉकॲडर इन या स्ट्रक्चरची, आयपीव्ही६ साठी सॉकॲडर इन६ ची. दोन्हीला साध्या सॉकॲडरची लांबी दिली की आयपीव्ही६ चे पत्ते निघत नाहीत. न्यूमेरिकहोस्ट विसरलात तर फंक्शन पत्त्याचं नाव शोधायला डीएनएसकडे (नावं-पत्ते सांगणारी सेवा) जातं, आणि नेट बंद असताना प्रोग्राम बराच वेळ तसाच खोळंबतो. बफर एन आय अंडरस्कोर मॅक्सहोस्ट एवढा, म्हणजे १०२५ अक्षरांचा घ्या. या फंक्शनची चूक पीएररनं कळत नाही, तिच्यासाठी जीएआय अंडरस्कोर स्ट्रएरर आहे.

आता प्रिंटएफनं इंटरफेसचं नाव आणि पत्ता एका ओळीत छापा. लूप संपल्यावर फ्रीइफअ‍ॅडर्सला हेड द्या.

कंपाइल करताना जीसीसीला नेहमीचे इशारे दाखवायला सांगा, म्हणजे वजा चिन्ह, मोठा डब्ल्यू आणि 'ऑल'. सी९९ चा कडक पर्याय दिलात तर मॅक्सहोस्ट सापडत नाही अशी तक्रार येईल. तेव्हा जीएनयू९९ वापरा.

कोणता पत्ता पोरांना सांगायचा

फ्लॅगवरून गाळणी लावता येते. आयएफएफ अंडरस्कोर लूपबॅक असेल तर सोडा. आयएफएफ अंडरस्कोर अप आणि आयएफएफ अंडरस्कोर रनिंग दोन्ही असतील तरच ठेवा. तपासणी एका अँड चिन्हानं करायची, दोन चिन्हांनी नाही.

उरलेल्यांत १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता बहुधा आपल्या राऊटरनं दिलेला. १० नं सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधलेही खासगीच असतात. १६९.२५४ दिसला तर समजा की राऊटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि कॉम्प्युटरनं स्वतःच एक ठरवून घेतला. अशा वेळी प्रोग्राम नाही, केबल आणि राऊटर तपासा. आयपीव्ही६ मध्ये एफई८० नं सुरू होणारा पत्ता टक्क्याचं चिन्ह आणि इंटरफेसचं नाव लागूनच छापला जातो. तो मोबाईलच्या ब्राउझरसाठी सोयीचा नाही, पोरांना आयपीव्ही४ चाच द्या. पायथॉनचा साधा वेब सर्व्हर चालवत असाल तर पत्त्यापुढे विसर्गासारखं कोलन आणि ८००० हा पोर्ट लागतो. प्रोग्रामनंच तो जोडून पूर्ण पत्ता छापला तर उत्तम.

विंडोजवर गेटइफअ‍ॅडर्स नाही. तिथे गेटअ‍ॅडॅप्टर्सअ‍ॅड्रेसेस हे फंक्शन आहे. मायक्रोसॉफ्ट त्याला सुरुवातीला १५ केबीचा बफर द्यायला सांगतं. बफर कमी पडला तर ते लागणारी लांबी कळवतं, तेवढी मेमरी घेऊन पुन्हा बोलवायचं.

शेवटचा टप्पा म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच हा प्रोग्राम चालवणं. लाईन आल्यावर राऊटर आणि कॉम्प्युटर एकदमच उठतात, त्यामुळे पहिल्या क्षणी यादीत फक्त लूपबॅक असण्याची शक्यता मोठी. गाळणीतून एकही पत्ता उरला नाही तर २ सेकंद स्लीप करा, फ्रीइफअ‍ॅडर्सनं जुनी यादी सोडा आणि गेटइफअ‍ॅडर्सला नव्यानं बोलवा. जुनीच साखळी पुन्हा फिरून उपयोग नाही, ती घेतली त्या क्षणाचंच चित्र तिच्यात असतं. अशा ३० फेऱ्यांनंतरही पत्ता आला नाही तर पडद्यावर 'राऊटर बंद आहे का ते पाहा' एवढी ओळ छापा, म्हणजे त्या वेळी अभ्यासिकेत जो बसला असेल तो उठून स्वतःच बघेल.