बीडीएसला विषय का राहतो? या चुका टाळा

बीडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकीच्या पदवीचा, विषय राहण्याची शक्यता पहिल्या सेशनलनंतरच (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेनंतरच) ओळखता येते, पण बहुतेक जण गुणांची एकत्र बेरीज बघून निर्धास्त होतात. लेखी 70, तोंडी 20 आणि इंटर्नल (अंतर्गत गुण) 10 अशा 100 पैकी थिअरीत 50 लागतात. प्रॅक्टिकलमध्ये वेगळे 50. थिअरीतले 65 प्रॅक्टिकलच्या 46 ला वाचवत नाहीत. सेशनलचे गुण दोन रकान्यांत लिहा. हजेरीही तशीच मोजा, कारण 75 टक्क्यांची अट दोन्हींना आहे. अखाजी, कानबाईसारखे सण, घरचं लग्न असं करत प्रॅक्टिकलचेच दिवस बुडतात.

खानदेशातल्या शहादा, चोपड्याकडून मराठी माध्यमातून आलेली मुलं अॅनाटॉमी (शरीररचना) इंग्रजीत पाठ करतात आणि तोंडीला अडतात. विषय मराठीत, अहिराणीत समजून घ्या, काहीच बिघडत नाही. मात्र रोज एक आकृती नावांसह काढून जोडीदाराला दोन मिनिटं इंग्रजीत सांगा.

वॅक्स कार्व्हिंगमध्ये, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरताना, कोपरे आधीच गोल केले की माप हातातून जातं. वरच्या सेंट्रल इन्सायझरचा (पुढच्या मधल्या दाताचा) क्राऊन, म्हणजे दिसणारा भाग, 10.5 मिमी उंच, 8.5 मिमी रुंद, रूट (मूळ) 13 मिमी. व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) ठोकळ्यावर खुणा करा, आधी समोरची बाह्यरेषा कापा, मग बाजूची. गोलाई सगळ्यांत शेवटी.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी खरा घात कोटा, म्हणजे पूर्ण करायच्या केसेसची ठरलेली संख्या, करतो. कम्प्लीट डेंचरला (पूर्ण कवळीला) किमान पाच भेटी लागतात: जबड्याचं प्राथमिक माप, अंतिम माप, जॉ रिलेशन (दोन्ही जबड्यांचा मेळ नोंदवणं), ट्राय-इन (कवळी तात्पुरती लावून बघणं), बसवणं. कापूस वेचणी सुरू झाली किंवा माणसं ऊसतोडीला गुजरातकडे गेली, की पेशंट ट्राय-इनला येत नाही आणि केस अर्धीच राहते. म्हणून केस हिस्ट्री घेतानाच विचारा: शेतीचं काम कधी, एसटी कोणती, फोन कोणाचा? पाचही तारखा ठरल्याशिवाय प्राथमिक माप घेऊ नका. अहिराणी येत असेल तर तिच्यातच बोला; म्हातारी माणसं मोकळी होतात, पुन्हा येतात. केसवर शिक्षकांची सही त्याच दिवशी घ्या. महिनाभराने मागितलेली सही सहसा मिळत नाही.

सेशनलला 40 च्या खाली आलात, तर त्याच आठवड्यात उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांकडे जा आणि गुण कुठे गेले ते प्रश्नागणिक विचारा. राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात गेलात, तर सकाळचा पहिला तास त्यालाच द्या. क्लिनिक सुरू झाल्यावर संध्याकाळी हातात काही उरत नाही.