लक्झरी एसयूव्ही पेट्रोल ‘पिते’? तक्रार करण्याआधी या चुका टाळा

गाडी घेऊन चार महिने झाले होते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जाऊन मी सुनावलं, “ब्रोशरमध्ये लिटरला १२ किलोमीटर लिहिलंय आणि मला साडेआठ मिळतंय.” समोरच्या माणसाने वाद घातला नाही. दोनच प्रश्न विचारले. “कशावर मोजलंत?” आणि “टपावरचा तो सामानाचा बॉक्स कायम असतो का?” पहिल्याचं उत्तर होतं, स्क्रीनवर. दुसऱ्याचं, हो, काढायचा कंटाळा येतो.

घरी येऊन नीट मोजलं तर आकडा साडेआठसुद्धा नव्हता. तीन टाक्यांचा हिशोब लावला : १,६०४ किलोमीटर, १९८.४ लिटर. म्हणजे ८.१. स्क्रीन माझं मन राखत होती.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी ‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ म्हणालं की मी तेच दोन प्रश्न विचारते. सव्वादोन टनांच्या, सात जणांच्या गाडीबद्दलच्या तक्रारींत तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते : मोजण्यातली चूक, वापरण्यातली चूक आणि गाडीतला खरा बिघाड. पहिल्या दोन बाजूला केल्याशिवाय तिसरी दिसत नाही, आणि मेकॅनिकही मग ‘सगळं नॉर्मल आहे’ असं लिहून गाडी परत देतो.

स्क्रीनवरचा आकडा खरा मानणं

गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) किती वेळ उघडे राहिले त्यावरून इंधनाचा अंदाज बांधतो. अंदाज बरा असतो, पण तो अंदाजच. खरा आकडा हवा असेल तर टाकी फुल करा, पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा पहिल्याच कटऑफपर्यंत भरा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची बेरीज घ्या. ‘अजून थोडं बसेल’ म्हणत नोझल दाबत बसलात तर हिशोब तर बिघडतोच, शिवाय पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये थेट पेट्रोल शिरतं आणि काही दिवसांनी इंजिनाचा दिवा लागतो.

दुसरा घोळ सरासरीचा. अर्धं अंतर गर्दीत ६ ने आणि अर्धं मोकळ्या रस्त्यावर १४ ने गेलात तर सरासरी १० येत नाही, ८.४ येते, कारण गर्दीतल्या ५० किलोमीटरनेच सव्वाआठ लिटरच्या वर खाल्लेलं असतं. मोठ्या गाडीचा विचार ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असा केलेला बरा. ८ चं ॲव्हरेज १० वर गेलं तर शंभर किलोमीटरमागे अडीच लिटर वाचतं. लहान गाडीचं १४ वरून १६ वर गेलं तर एक लिटरही नाही. म्हणजे सवयी सुधारण्याचा फायदा पिणाऱ्या गाडीलाच जास्त.

ब्रोशरचा आकडा म्हणजे वचन समजणं

ब्रोशरचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर निघतो. युरोपात आधीची एनईडीसी चाचणी जेमतेम ११ किलोमीटरची होती. सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलना डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी लागू झाली. तिच्यात ३० मिनिटांत २३.२५ किलोमीटर, सरासरी ४६.५ चा वेग, कमाल १३१.३, खोलीचं तापमान २३ अंश. एसी बंद. पाच माणसं नि डिकीभर सामान घेऊन, एसी १९ वर ठेवून बसलेल्या कुटुंबाशी या चाचणीचं नातं फार लांबचं.

युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांच्या आतल्या इंधन मोजणाऱ्या मीटरवरून ताळा केला. पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्षातलं कार्बन उत्सर्जन (जेवढं इंधन जळतं तेवढंच ते वाढतं) अधिकृत आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं, प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे इंजिनाबरोबर बाहेरून चार्ज करायची बॅटरी असलेल्या गाड्यांचं, तब्बल साडेतीनपट. मोठ्या प्लग-इन एसयूव्हीच्या मालकांची ‘फसवलं’ ही तक्रार इथून येते. चार्जिंगची केबल डिकीत पिशवीतच राहिली तर गाडी जड बॅटरीचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी होते. घरी चार्जिंगची सोय नसेल तर हा प्रकार घेऊच नका, असं माझं मत आहे.

तेव्हा ब्रोशरपेक्षा १५-२० टक्के कमी मिळालं तर तो बिघाड धरू नका. पस्तीस-चाळीस टक्के कमी असेल तर पुढे वाचा.

वजन आणि वारा यांत गल्लत

मोठी गाडी कमी ॲव्हरेज देते याचा दोष सगळे वजनाला देतात. गर्दीत ते खरंय. २,२०० किलोची गाडी शून्यावरून ६० च्या वेगाला आणायला सुमारे ३०० किलोज्यूल लागतात. एका लिटर पेट्रोलमधून इंजिन चाकापर्यंत साधारण पाव ऊर्जा पोचवतं असं धरलं, तर एका थांब्याची किंमत ३५-४० मिलिलिटर. पंचवीस-सव्वीस वेळा थांबून पुन्हा ६० गाठलंत की एक लिटर संपलं, किलोमीटर कितीही झालेले असोत. म्हणून पुढचा सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय न काढणं ही सगळ्यात महागडी सवय. पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच घरंगळू दिली, तर आजची इंजिनं त्या वेळात इंधन पूर्ण तोडतात. न्यूट्रलमध्ये टाकून ‘वाचवणारे’ उलट आयडलिंगचं, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवायचं, पेट्रोल जाळतात.

महामार्गावर मात्र वजन मागे पडतं आणि वारा पुढे येतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : १०० ऐवजी १२० ने गेलात तर ४४ टक्के जास्त, १३० ने गेलात तर ६९ टक्के. उंच, रुंद गाडीला हे सेडानपेक्षा कितीतरी जास्त झोंबतं. त्यात टपावर बॉक्स. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा हिशोब असा, की मोठा बोथट बॉक्स शहरात २ ते ८ टक्के आणि ताशी १०५ ते १२० च्या वेगाला १० ते २५ टक्के ॲव्हरेज खातो. माझी बहुतेक धाव महामार्गाचीच, त्यामुळे माझ्या साडेआठचा मोठा वाटेकरी वर बसलेला होता. रिकामा.

सामान डिकीत आणि गरज असेल तेव्हाच टपावर, एवढं पुरे. डिकीतली छत्री, फुटबॉल, जुनी चादर काढून फार काही हाती लागत नाही. साधारण ४५ किलोमागे एक टक्का, आणि जड गाडीत त्याहूनही कमी.

उभ्या गाडीत एसी लावून बसणं

शाळेबाहेर मुलांची वाट बघत रोज वीस मिनिटं. इंजिन चालू, एसी चालू, किलोमीटर शून्य. मोठं इंजिन आयडलिंगला तासाला एक ते दोन लिटर पितं. दीड धरला तरी रोजचा अर्धा लिटर, महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांना साडेबारा. हे सगळं तुमच्या ‘ॲव्हरेज’मधून वजा होतं आणि शिव्या गाडीला पडतात.

डिझेल गाडी फक्त कोपऱ्यापर्यंत नेणं

मला वाटतं, या वर्गातल्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं, म्हणून जरा सविस्तर.

डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरत आला की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून त्याचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. याला रीजनरेशन म्हणतात. पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी चालली तर काम होतं. तुम्ही रोज तीन किलोमीटर जाऊन इंजिन बंद करत असाल तर गाडी दर वेळी जाळायला सुरुवात करते आणि दर वेळी तुम्ही ते अर्ध्यावर तोडता. जादा डिझेल जातंच. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइल पातळ झालंय, बदलायला हवं.

रीजनरेशन चालू असल्याच्या खुणा कळतात. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे चढे, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) काम करत नाही, क्षणाचं ॲव्हरेज अचानक घसरलेलं, इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतोय आणि तापलेल्या लोखंडासारखा वास. ‘गाडीतून जळकट वास येतो’ अशी तक्रार घेऊन गेलेल्यांना पुष्कळदा हेच सांगून परत पाठवतात. असं दिसलं तर दहा-पंधरा मिनिटं आणखी चालवून या. फिल्टरचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका. फार भरलेला फिल्टर रस्त्यावर साफ होत नाही, वर्कशॉपमध्येच करावा लागतो. आणि घरातली धाव मुख्यतः छोटीच असेल, तर पुढची गाडी पेट्रोल हायब्रिड बघा.

ॲडब्लूची (डिझेलच्या धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी असेल तर तिची सूचना ‘नंतर बघू’ म्हणून टाळू नका. उरलेलं अंतर शून्यावर आलं की गाडी पुन्हा स्टार्ट होत नाही. चुकून ते डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर इग्निशनसुद्धा चालू करू नका, गाडीतला इंधनाचा पंप लगेच ते पुढे ओढतो. टो करूनच न्या.

छोट्या फेऱ्यांचा फटका पेट्रोललाही आहे. थंड इंजिन जास्त इंधन मागतं. उणे ७ अंशांना शहरातलं ॲव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्के कमी असतं आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत घट २४ टक्क्यांपर्यंत जाते.

टायरवर नजर टाकून ‘हवा आहे’ म्हणणं

रुंद, कमी उंचीच्या टायरमध्ये आठ-दहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी असले तरी डोळ्यांना कळत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एक दोघा-तिघांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. सगळे मिळून प्रवासाला निघताना दुसरा पाळा. हवा थंड टायरमध्येच तपासा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी होतो, त्यामुळे थंडीच्या पहिल्या सकाळी पेटलेला टायरचा दिवा म्हणजे पंक्चरच असं नाही.

‘गाडी आदळते’ ही तक्रार बहुधा २१ इंची चाकांची असते. दिसायला छान, पण खड्डा आणि रिम यांच्यामध्ये रबर उरत नाही. त्याच मॉडेलमध्ये १९ इंची मिळत असतील तर तीच घ्या. आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एकच नवा टायर टाकून तीन झिजलेले ठेवू नका. परिघातल्या फरकामुळे ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचा) क्लच सतत घासत राहतो. किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

सटरफटर समजून सोडलेल्या खुणा

स्टार्ट-स्टॉप चालेनासं झालं, मग स्क्रीन अडकू लागली, मग एका सकाळी पाच दिवे एकदम पेटले. लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. आधी बॅटरी तपासा. छोट्या फेऱ्या आणि रात्रभर चालणारा डॅशकॅम तिला भरूच देत नाहीत. नवी टाकताना त्याच प्रकारची घ्या आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करून घ्या. ही नोंद मागणाऱ्या गाड्यांत ती राहिली तर जुनी समजूनच चार्जिंग होत राहतं.

एअर सस्पेन्शन (गाडीला हवेच्या फुग्यांवर तोलणारी यंत्रणा) सकाळी एका कोपऱ्यात बसलेलं दिसतं? सपाट जागी रात्री आणि सकाळी चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेपने मोजा. रोज तोच कोपरा उतरत असेल तर गळती आहे. ती लांबवली तर हवा भरता भरता कंप्रेसर जळतो, आणि खर्च दुप्पट. जॅक लावण्याआधी मेन्यूतला जॅक मोड चालू करायला विसरू नका.

पायाखालचा गालिचा ओला असेल तर काचेच्या मोठ्या छताच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्यात का ते बघा. कपभर पाणी हळू ओतलं की ते गाडीखाली टपकायला हवं. जोराची हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटते.

‘लाइफटाइम’ गिअरबॉक्स ऑइलवरही फार विसंबू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांत ते बदलायला सांगते.

आणि खरंच बिघाड असेल तर

वरचं सगळं करूनही आकडा हलत नसेल तर दोन गोष्टी घरीच बघता येतात. महामार्गावरून फार ब्रेक न लावता आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात धरा, लावू नका. एकाच चाकातून धग येत असेल तर ब्रेक अडकलेला आहे. दुसरं, पंधरा-वीस मिनिटं चालूनही इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची झडप) उघडाच राहिलाय आणि इंजिन स्वतःला थंड समजून जास्त इंधन मागतंय.

मग सर्व्हिस सेंटरला जाताना तीन टाक्यांचा कागद, टायरची हवा आणि ‘कधी होतं’ हे लिहून न्या : थंड इंजिनाला की तापल्यावर, कोणत्या वेगाला, डावीकडे वळताना की सरळ. टेक्निशियनला शेजारी बसवून तोच आवाज, तोच धक्का करून दाखवा. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा कागदावर १,५९० किलोमीटर आणि १६८.२ लिटर होते, बॉक्स काढलेला, हवा स्टिकरप्रमाणे. साडेनऊच्या जवळ. काउंटरवरच्या त्याच माणसाने कागद वाचला, टपाकडे पाहिलं आणि म्हणाला, “आता बारा का नाही, हे विचारायला आलात का?” मी वायपरचं रबर बदलायला आले होते.