अलास्काची क्रूझ ठरवताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की सिएटलमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांना फोन सुरू होतात. "उन्हाळ्यात आई-बाबा येतायत, अलास्का करायचंय, चांगली डील मिळालीय, घेऊन टाकू का?" मी डीलचा आकडा विचारत नाही. जहाज कुठल्या हिमनदीपाशी जाणार आहे, एवढंच विचारतो. बहुतेकांना ते सांगता येत नाही. जहाजावर किती रेस्टॉरंट आहेत, पाण्याची घसरगुंडी केवढी आहे, मुलांसाठी काय काय आहे, हे मात्र तोंडपाठ असतं. तेच ते प्रश्न आणि त्याच त्या चुका दरवर्षी ऐकून शेवटी हे लिहायला बसलो.

हिमनदी न बघता जहाज ठरवणं

सगळ्या चुकांची आई हीच. अलास्काच्या प्रत्येक जाहिरातीत निळ्या बर्फाच्या भिंतीचा फोटो असतो, पण प्रत्येक जहाज त्या भिंतीपर्यंत जात नाही. जाणाऱ्यांमध्येही पुष्कळ फरक असतो.

ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात. परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात, दिवसभर माहिती सांगतात आणि संध्याकाळी उतरून जातात. म्हणजे एक अख्खा दिवस फक्त बर्फ, डोंगर आणि पाणी. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फ उभा होता. १९१६ पर्यंत तोच बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे सरकला होता. तुमचं जहाज ज्या पाण्यावरून जातं, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी हिमनदी होती. रेंजर हे नकाशावर दाखवत असतात तेव्हा आपली मंडळी न्याहारीच्या रांगेत उभी असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा प्रकार म्हणजे हबर्ड हिमनदीपाशी जाणारी जहाजं. हिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर, समुद्रात उतरणारी भिंत दहा किलोमीटरच्या आसपास. बाकीच्या बहुतेक हिमनद्या मागे हटतायत आणि ही पुढे सरकतेय. १९८६ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये तिने रसेल फियोर्डचं (फियोर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) तोंडच बंद करून टाकलं होतं. समोर तरंगता बर्फ जास्त असला तर कप्तान जहाज लांबच ठेवतो. ते योग्यच आहे, त्यावरून कुरकुर करू नये.

तिसरा प्रकार म्हणजे एंडिकॉट आर्मसारख्या अरुंद फियोर्डमध्ये जाणारी जहाजं. टोकाला डॉज हिमनदी आहे. वाट सुंदर, पण धुकं आणि बर्फ यांमुळे मोठं जहाज शेवटपर्यंत पोचेलच असं नाही. शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये मोठी दरड कोसळली आणि लाटा उसळल्या. त्यानंतर कंपन्यांनी २०२६ च्या फेऱ्या एंडिकॉटकडे वळवल्या. जुनी ब्लॉगपोस्ट वाचून "आम्हाला ट्रेसी आर्मच हवं" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आणि काही कार्यक्रमपत्रिकांमध्ये 'हिमनदी' म्हणजे जूनोची मेंडनहॉल, एवढंच असतं. तिथे गावातून बसने जायचं आणि तळ्याच्या या काठावरून लांबून बघायचं. छान आहे, जरूर बघा. पण तेवढ्यावर हिमनद्यांची क्रूझ झाली असं मी मानत नाही.

माझी सवय सांगतो. कार्यक्रमपत्रिका उघडली की बंदरांची नावं सोडून देतो आणि ज्या दिवशी बंदर नाही तो दिवस शोधतो. त्या दिवसासमोर कुठलं नाव आहे आणि किती ते किती वेळ आहे, हे बघतो. ग्लेशियर बेमध्ये कुठल्या तारखेला कुठलं जहाज आहे, याचं वेळापत्रक उद्यानच प्रसिद्ध करतं, ते ताडून घेतो. मग जहाज, मग खोली आणि सगळ्यात शेवटी किंमत. लोक बरोबर उलट्या क्रमाने जातात. आठवडाभराच्या प्रवासाला दोनशे डॉलर वाचवायला म्हणून हिमनदीचा दिवसच कापला जातो आणि परत आल्यावर "अलास्का ठीकच वाटलं" असं ऐकायला मिळतं.

"अलास्का अमेरिकेतच आहे, कॅनडाचा व्हिसा कशाला?"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण सांगतो.

ओळखीचं एक कुटुंब. मुलगा-सून ग्रीन कार्डवाले, नातवंडं अमेरिकन नागरिक, आणि सांगलीहून आलेले आई-वडील भारतीय पासपोर्टवर, अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी सात रात्रींची क्रूझ. केचिकन, जूनो, स्कॅगवे ही अलास्कातली बंदरं आणि शेवटच्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया. बुकिंग करून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की काही लागत नाही. मी त्यांना धक्क्यावर सोडलं, बॅगा हमालांकडे गेल्या आणि मी घराकडे निघालो. अर्ध्या वाटेत फोन आला. काउंटरवरच्या बाईंनी काका-काकूंचे पासपोर्ट उलटसुलट पाहिले आणि विचारलं, कॅनडाचा व्हिसा कुठे आहे? मुलगा म्हणाला, हे दोघं व्हिक्टोरियाला उतरणारच नाहीत, जहाजावरच बसून राहतील. त्याचा काही उपयोग झाला नाही. जहाज ज्या देशात थांबणार तिथली कागदपत्रं नसतील तर कंपनी चढू देत नाही.

मी परत पोचलो तेव्हा सगळी मंडळी फुटपाथवर उभी होती. मुलाने ठरवलं, जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. बॅगा आत गेल्या होत्या, त्या परत मिळायला दोन तास गेले. ऐनवेळी रद्द केल्यामुळे पैसे बुडाले ते वेगळेच. दोन दिवसांनी मी त्यांना माउंट रेनियरला घेऊन गेलो. तिथल्या पॅराडाइज नावाच्या ठिकाणावरून निस्क्वाली हिमनदी चांगली दिसते. काका बराच वेळ कठड्याला हात टेकून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "व्हिक्टोरियाला जहाज किती वेळ थांबणार होतं?" मी सांगितलं, रात्री आठ ते बारा. ते काही बोलले नाहीत.

हा व्हिक्टोरियाचा थांबा उगाच नसतो. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतल्या बंदरातून प्रवासी घेऊन वाटेत परदेशी बंदर न करता पुन्हा अमेरिकेत उतरवता येत नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळीच बहामा, बर्म्युडा, पनामा अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून सिएटलहून सुटणाऱ्या जहाजाला कुठेतरी कॅनडाला शिवावंच लागतं. व्हँकूव्हरहून सुटणारं जहाज तर कॅनडातूनच निघतं.

तेव्हा भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा काढा. एच-वन-बीवाल्यांनाही लागतो, आई-वडिलांना तर लागतोच. ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. आई-बाबांचा व्हिसा ते भारतात असतानाच काढा, कारण बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि शिक्का मारायला पासपोर्ट द्यावा लागतो. इथे आल्यावर ही धावपळ करणं म्हणजे सुट्टीचं वाटोळं. अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हेही तेव्हाच बघा. नियम बदलत असतात, म्हणून कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. एजंट म्हणाला, मेव्हणा म्हणाला, व्हॉट्सॲपवर आलं, यातलं काहीही काउंटरवर दाखवता येत नाही.

स्कॅगवेची व्हाइट पासची रेल्वे, १८९८ च्या सोन्याच्या धावपळीत बांधायला घेतलेली अरुंद रूळांची गाडी, फार सुंदर आहे. तिचीही एक फेरी शिखरापर्यंत जाऊन परत येते आणि काही फेऱ्या कॅनडात उतरवतात. तिकीट काढताना कुठली ते बघा.

सिएटल की व्हँकूव्हर, याचा विचारच न करणं

व्हँकूव्हरहून निघालेलं जहाज व्हँकूव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून वर जातं. दोन्ही बाजूंना झाडी असते आणि पाणी शांत. सिएटलची जहाजं बहुधा बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जातात आणि तिथे हेलकावे बसतात. बस लागणाऱ्या माणसाला बरोबर नेणार असाल तर हा फरक महत्त्वाचा आहे. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते, आणि वयस्कर माणसांनी आपल्या डॉक्टरांना विचारून.

एका आठवड्यात सगळं हवं असणं

व्हेल, अस्वलं, उत्तरेचे प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स), निरभ्र आकाश आणि स्वस्त दर, असं सगळं एकदम मागणारे लोक भेटतात. जूनमध्ये जूनोला अठरा तासांहून मोठा दिवस असतो. आकाश पुरतं काळोखं होतच नाही, मग उत्तरेचे प्रकाश दिसणार कसे? त्यासाठी सप्टेंबर बरा, पण तेव्हा पाऊसही जास्त. सॅमन नदीत चढतात आणि अस्वलं त्यांच्यामागे येतात ती मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये. महाराष्ट्रातून मुलांच्या शाळेच्या सुट्टीत येणाऱ्यांना मे आणि जूनचा पहिला पंधरवडा मिळतो. माझ्या मते तो उत्तम काळ आहे. दक्षिण-पूर्व अलास्कात त्यातल्या त्यात कोरडे महिने तेच, आणि डोंगरांवर अजून बर्फ असतो.

हिमनदीच्या दिवशी आत बसून राहणं

ही माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट, म्हणून थोडं सविस्तर. जहाज ग्लेशियर बेमधल्या मार्जरी हिमनदीसमोर येऊन उभं राहतं. लोक बाहेर येतात, आठ-दहा सेल्फी काढतात, "थंडी आहे बाबा" म्हणतात आणि जेवायला आत जातात. बर्फाचा कडा त्यांच्या सोयीने कोसळत नाही. जहाज तिथे तासभर थांबतं, आणि तो संपूर्ण तास बाहेर उभं राहायचं असतं.

आधी आवाज ऐकायला शिका. पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे वितळताना त्यांच्यात अडकलेली जुनी हवा सुटते आणि सतत बारीक तडतड ऐकू येते, फोडणीत मोहरी पडल्यासारखी. मग मधूनच हिमनदीच्या आतून गडगडाट येतो. तो ऐकून भिंतीकडे बघायला लागलात तर बहुधा उशीर झालेला असतो, कारण कडा आधी पडतो आणि आवाज मागून येतो. म्हणून दुर्बीण लावून एकच जागा धरायची. बारीक खडे गळायला लागले, पांढरी धूळ उडाली, की तिथून नजर हलवायची नाही. मोबाइल खिशात ठेवा. फोनच्या पडद्यात बघत बसलेल्यांचा कडा नेहमी चौकटीबाहेर पडतो.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाड जॅकेट पुरत नाही. हिमनदीवरून उतरणारा वारा जुलैतही बोचतो. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस न शिरणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल, पण तिथला पाऊस गार असतो आणि बारा महिने रिपरिपतो. छत्री वाऱ्यात टिकत नाही.

डावी बाजू की उजवी बाजू, यावर रात्ररात्र चर्चा करू नका. हिमनदीसमोर कप्तान जहाज वळवतो, दोन्हीकडच्यांना दिसतं. बाल्कनी परवडत असेल तर घ्या. नसेल तर आतली खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत जूनोहून व्हेल बघायला जा.

बाकीच्या, थोडक्यात

जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळच्या विमानाने पोचू नका. आदल्या दिवशी या.

अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे. जहाजावरचं घड्याळ कुठली वेळ दाखवतंय ते रोज बघा. बंदरावर स्वतःची स्वतः सहल ठरवायला हरकत नाही, पण दिवसाची शेवटची फेरी घेऊ नका. उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

हेलिकॉप्टरची सहल हवामानामुळे रद्द होते. त्यासाठी पायलटशी भांडू नका.

समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल येतं.

वैद्यकीय विमा, आणि त्यात तातडीने हलवण्याचा खर्च धरलेला. वयस्कर माणसं बरोबर असतील तर यावर वाद नको. जूनोला बाहेरून रस्ताच नाही, आजारी माणसाला विमानानेच हलवावं लागतं.

चहाची किटली, छोटा राइस कुकर, पाणी तापवायचा रॉड, यातलं काही नेऊ नका. बॅग तपासताना काढून ठेवतात आणि परतीच्या दिवशी देतात. बंद पाकिटातला चिवडा-बाकरवडी जहाजावर खायला चालते, पण बंदरावर उतरताना पिशवीत घेऊ नका. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच लिहून कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. बऱ्याच जहाजांवर गोव्याची, मुंबईची माणसं काम करतात. आदल्या रात्री सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी वरण-भाताची सोय होते. ऐन जेवणाच्या टेबलावर बसून मागितलंत तर सॅलड मिळतं.